कोच स्क्रू ठोकायचा नाही, फिरवायचा – वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेल्या वेळी लाकडी जोडांवर लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले आणि निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर होते, कोच स्क्रूवर. व्हिडिओत ज्याला लॅग बोल्ट म्हणतात तो आपल्याकडे दुकानात कोच स्क्रू म्हणून मिळतो. षटकोनी डोकं, वरचा दांडा गुळगुळीत, खाली जाड आटे आणि टोक, नट नाहीच. तर एकेक प्रश्न घेतो.

चिपळूणजवळ घराला पडवी वाढवतोय. ऐनाचे खांब, त्यांना बाहेरून सागाची 3 इंची तुळई. मिस्त्री चार सुताचे (म्हणजे अर्ध्या इंची) कोच स्क्रू हातोडीने अर्धे ठोकतो आणि मग पान्याने आवळतो. चालेल का?

नाही चालणार, आजच थांबवा. कोच स्क्रूची सगळी ताकद आट्यांत असते, आटे लाकडात कापत गेले तरच ती मिळते, आणि ठोकला की आटे कापत नाहीत, लाकूड फाडत आत घुसतात. मागे एका पडवीचं छप्पर उतरवताना मी हे हातात घेऊन बघितलंय. पाना लावायची गरजच पडली नाही, स्क्रू बोटांनी फिरला आणि बाहेर आला, आट्यांमध्ये भुसा गच्च दाबून बसलेला आणि भोकाच्या भिंती नळीसारख्या गुळगुळीत. वरून बघणाऱ्याला मात्र जोड एकदम पक्का वाटत होता, डोकं आणि वायसर (वॉशर) जागच्या जागी.

भोकं दोन मापांची पाडायची. चार सूत म्हणून तुम्हाला बहुतेक 12 मिलिमीटरचा स्क्रू मिळेल, तर तुळईत पूर्ण 12 चं भोक, म्हणजे गुळगुळीत दांडा त्यातून सहज जाईल आणि तुळई खांबाकडे ओढली जाईल. खांबात लहान भोक. ऐन कठीण आहे म्हणून 9 ते साडेनऊ, सागाचा खांब असता तर साडेआठ, पाइन असता तर 7 सुद्धा पुरलं असतं. कठीण लाकडात भोक लहान ठेवलं तर एक तर लाकडाला चीर जाते नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं, मऊ लाकडात मोठं पाडलं तर आट्यांना धरायला काही उरतच नाही. ड्रिलच्या बिटवर खोलीच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळा, आट्यांना अंगाचा साबण किंवा मेण चोळा (ऐनात याने खरंच फरक पडतो, हात भरून येत नाही), आणि 19 नंबरच्या पान्याने फिरवा. वायसर लाकडात किंचित रुतायला लागला की थांबायचं, पुढे एक आटा जास्त आवळला की आतलं लाकूड कापलं जातं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो, म्हणून शेवटचे काही आटे इम्पॅक्ट ड्रायव्हर बाजूला ठेवून हातानेच.

लांबी 7 इंच घ्या, खांबात 4 इंच तरी गेला पाहिजे. आणि मिस्त्रींना एक नक्की सांगा, खांबाला खाच घेऊन तुळई खाचेवर टेकवा. आपल्या जुन्या घरांत छपराचं ओझं लाकडावरच टेकलेलं असायचं, तीच पद्धत बरोबर आहे. मग स्क्रूला फक्त तुळई धरून ठेवायचं काम राहतं.

पुण्यात जुन्या वाड्यात राहतो. तुळईला खालून हुकवाले मोठे स्क्रू लावून झोपाळा टांगायचाय. किती सुताचे घेऊ?

कितीही सुताचे घेतले तरी खालून नको. हिशोब करून बघा. दोन माणसं आणि पाट मिळून 180 किलो धरले, तर झोपाळा 45 अंशांपर्यंत गेला की खालून जाताना साखळ्यांवर साधारण 285 किलोचा ओढा येतो, 60 अंशांपर्यंत गेला तर वजनाच्या बरोबर दुप्पट, 360. पोरं उभी राहून झोके घेतात तेव्हाचे हिसके वेगळेच. हा ओढा दर झोक्याला कमी-जास्त होतो, पुढे-मागे होतो, आणि आटे थोडे थोडे ढिले करत नेतो, बाहेरून काहीही दिसत नाही. त्यात वाड्याची तुळई आतून कोरडी आहे की वाळवीने खाल्लीय हे ठोकून आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही, ते आधी करा.

तुळईला आरपार भोक, त्यातून बोल्ट, वर जाड लोखंडी पट्टी आणि डबल नट, हेच करायचं. वर माळ्याची जमीन असल्यामुळे हात पोचत नसेल तर इंग्रजी यू सारखी लोखंडी पट्टी खालून तुळईला बसवून घ्या आणि दोन्ही बाजूंनी आडवे कोच स्क्रू मारा, तुळईच्या मध्यापेक्षा वरच्या अंगाला. असं केलं की ओढा स्क्रूला बाहेर खेचत नाही, आडवा येतो, आणि आडवं ओझं कोच स्क्रू भरवशाने पेलतो. या एका बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही, खाली लहान मूल बसणार असतं.

न्यू जर्सीत घरामागे डेक (लाकडी ओटा) करतोय, जॉइस्ट (फळ्यांखालच्या आडव्या तुळया) 12 फुटी. घराला लागणाऱ्या लेजरच्या फळीला अर्ध्या इंचाचे लॅग किती अंतरावर?

तिकडच्या निवासी कोडमध्ये याचं तयार कोष्टक आहे. दर चौरस फुटाला 40 पाउंड ओझं धरून 12 फुटी जॉइस्टला 15 इंचांवर एक, 10 फुटीला 18 इंचांवर, वर-खाली नागमोडी. त्याच 12 फुटीला आरपार बोल्ट वापरला तर 29 इंच चालतं, यावरून दोघांच्या ताकदीतला फरक बघा. लॅगचं टोक घराच्या आतल्या रिम जॉइस्टच्या (कडेच्या आडव्या तुळईच्या) मागून पूर्ण बाहेर आलेलं दिसायला हवं. घराला बाहेरून नुसती विटांची सजावट असेल तर लेजर तिच्यावर अजिबात लावू नका. आणि नुसत्या खिळ्यांवर लेजर ठेवली तर एक दिवस डेक माणसांसकट घरापासून सुटतो. तुमच्या प्रेशर ट्रीटेड लाकडात (सडू नये म्हणून दाबाने औषध भरलेल्या) तांबं असणार, ते झिंकचा साधा मुलामा खाऊन टाकतं, म्हणून हॉट डिप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या. टाउनशिपचा परवाना तर लागेलच, आकडे इन्स्पेक्टरकडून पक्के करून घ्या.

मालवणला समुद्राजवळ सागाचा मांडव केला, वर्षात स्क्रूभोवती काळे ओघळ आले. लाकूड सडलं का?

बहुतेक नाही. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड पावसात एकत्र आलं की काळी शाईच तयार होते. पण ओघळ आले म्हणजे वरचा मुलामा गेलाय आणि लोखंड उघडं पडलंय. दुकानातला चकचकीत मुलामा काही मायक्रॉनचा असतो, खाऱ्या वाऱ्यात तो टिकत नाही. एकेक काढून 316 ग्रेडचं स्टेनलेस घाला, 304 वर सुद्धा समुद्राकाठी डाग येतात. स्टेनलेस मऊ पडतं, म्हणून नवीन भोकात घालायचं असेल तर आधी त्याच मापाचा साधा स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, तो काढा आणि मग स्टेनलेसचा घाला.

आवळताना डोकं तुटलं, दांडा आतच राहिला. काढू कसा?

दिसत नसेल तर राहू द्या. जाडीच्या चौपट अंतर सोडून, म्हणजे 12 च्या स्क्रूला निदान 48 मिलिमीटर, नवीन भोक पाडा, पण लाकडाच्या तंतूंच्या त्याच रेषेत नको, जरा बाजूला, नाहीतर दोन भोकांमधून सरळ चीर धावते. आणि नवीन भोक पाडायच्या आधी बिट मोजून बघा, डोकं तुटलं म्हणजे बहुतेक आधीचं भोक लहान होतं.