आर्च मॅनिंगचा २०२५ मध्ये एवढा गाजावाजा का झाला? तो पोकळ होता का?

पोकळ नाही म्हणणार, वेळेआधीचा म्हणेन. आर्च हा टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. निम्मं काम आडनावानंच केलं: आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, तिघंही एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले क्वार्टरबॅक. त्यात टेक्सासचा संघ एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेच्या कॉलेज संघांच्या हंगामपूर्व क्रमवारीत पहिल्यांदाच १ नंबरवर आला. मग काय, सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकासाठी सट्टेबाजांनीही त्यालाच पसंती दिली. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे हो, पण इथे शितंच दोन! २०२४ मध्ये त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने तेवढेच.

असा गवगवा तपासायचा तर एकूण यार्डांना पासच्या प्रयत्नांनी भागा. २०२४ मध्ये ९० पासवर ९३९ यार्ड, म्हणजे १०.४. जबरदस्त. पण सुरुवातीपासून खेळलेले ते दोन सामने लुइझियाना-मन्रो आणि मिसिसिपी स्टेटशी होते. ३० ऑगस्ट २०२५ ला समोर गतविजेता ओहायो स्टेट आला: ३० पैकी १७ पास पूर्ण, १७० यार्ड, एक टचडाउन (गोल रेषेपार नेऊन मिळवलेले गुण), एक इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेला पास). सरासरी थेट ५.७, आणि टेक्सास ७-१४ ने हरला. ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडाकडूनही हरल्यावर संघ एपी क्रमवारीतल्या पहिल्या २५ मधूनच बाहेर गेला.