नव्या संगणक प्रणालीची सुरुवात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयात पाच संगणक आहेत. त्यांवर विंडोज १० आहे आणि विंडोज ११ त्यांवर बसत नाही. एक माजी विद्यार्थी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली, बसवून द्यायला तयार आहे. मात्र पीक विम्याचा अर्ज भरायला येणारे शेतकरी, बचत गटाच्या महिला आणि स्पर्धा परीक्षेची मुले या सर्वांना ही प्रणाली अगदी नवी आहे. सुरुवात कोठून करावी?
— वाचनालयाचे सचिव

उत्तर : सचिव महोदय, आपल्या संगणकांत बिघाड झालेला नाही, हे आधी सभासदांना सांगावे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था व साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. एवढ्याच कारणाने चांगले चालणारे संगणक अडगळीत जाऊ लागले आहेत. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही सुरू होते आणि ४ जीबीवर समाधानकारक चालते, त्यामुळे आपला विचार योग्य आहे. मात्र पाचही संगणक एकाच दिवशी बदलू नयेत.

मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता, तेथूनच चालवून पाहता येते. एक दिवस असे चालवून वाय-फाय, प्रिंटर आणि आवाज तपासावा. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर फार खटपट करावी लागते आणि ते नंतर कळले तर सगळ्यांचाच उत्साह मावळतो. प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी सर्व फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला की जुने काहीच उरत नाही. भारनियमनाची वेळ पाहूनच काम हाती घ्यावे. अर्ध्यावर लाइट गेली तर प्रणाली सुरूच न होण्याची शक्यता असते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेन ड्राइव्हसारखे जोडायचे उपकरण) वापरात असेल, तर त्याचे लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर मिळते की नाही, याची पुरवठादाराकडे चौकशी केल्याशिवाय तो संगणक बदलू नये.

आता शिकवण्याकडे वळतो, कारण खरा कस तेथेच लागतो. लिनक्स म्हणजे काय, ते कोणी केले, ते मोफत का आहे, या माहितीने सुरुवात करू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याचा गाभा लिहिला, ही माहिती चांगलीच आहे, परंतु सातबारा काढायला आलेल्या माणसाला त्या क्षणी सातबाराच हवा असतो. म्हणून त्याचे कामच पहिला धडा समजावे : फायरफॉक्स हा ब्राउझर उघडणे, सातबारा पाहणे, तो सेव्ह करणे, सेव्ह केलेली फाइल पुन्हा शोधणे आणि छापणे. या साखळीत बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. विंडोजची सवय असलेला माणूस सी आणि डी ड्राइव्ह शोधतो, ते दिसत नाहीत, आणि आपली फाइल गेली असे समजून घाबरतो. त्याला ‘होम’ हा फोल्डर उघडून दाखवावा, त्यातील ‘डाउनलोड्स’मध्ये त्याची फाइल दाखवावी, आणि मग सर्व बंद करून तीच फाइल त्याला स्वतःच्या हाताने पुन्हा शोधायला लावावी. ती त्याला एकदा सापडली की निम्मी भीती जाते.

शिकवणाऱ्याने माउस हातात घेऊ नये. खुर्चीच्या बाजूला उभे राहून, “काकू, खाली डावीकडे कोपऱ्यात मेनूचे बटण आहे, ते दाबा” असे सांगावे आणि थांबावे. त्यांना ते बटण सापडायला वेळ लागेल, रांगेतील माणसे चुळबुळ करतील, तरीही थांबावे. आपण झटकन करून दिलेले काम त्या दिवसापुरते होते; पुढच्या आठवड्यात त्याच काकूंना पुन्हा तोच प्रश्न पडतो आणि विचारायला मात्र संकोच वाटतो.

एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. सार्वजनिक संगणकावर आधार कार्ड, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला यांच्या प्रती मागे राहणे धोक्याचे असते. मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमधून पाहुण्यांचे सत्र (गेस्ट सेशन) सुरू करता येते. त्यातून बाहेर पडताच त्या व्यक्तीच्या फाइली पुसल्या जातात. वाचनालयासाठी हीच व्यवस्था सर्वांत चांगली. मात्र उठण्यापूर्वी आपली फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, ही सूचना प्रत्येक संगणकावर मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवावी आणि पहिले काही दिवस तोंडीही द्यावी. प्रशासकाचा पासवर्ड फक्त आपल्याकडे आणि त्या विद्यार्थ्याकडे असावा.

प्रश्न : मी परभणीत टंकलेखनाची कामे करतो. नव्या लिनक्स संगणकावर माझी जुनी मराठी पत्रे उघडली तर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. फाइली खराब झाल्या आहेत का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : फाइली शाबूत आहेत. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवत असे आणि फाँट त्यांना देवनागरीचा आकार देत असे. तो फाँट नसला की मूळ संकेत उघडे पडतात. आपल्या जुन्या संगणकाच्या ‘फाँट्स’ फोल्डरमधून ती फाँट फाइल आणावी, परवाना तशी मुभा देत असल्याची खात्री करावी, आणि फाइलवर दोनदा क्लिक करून ती बसवावी. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये पत्रे पुन्हा वाचता येतील, मात्र ओळी आणि पाने थोडी सरकलेली असतील.

नवे काम युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीतच, करावे, हे मात्र मी ठामपणे सांगेन. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला असतात. ती एकदा बोटांत बसली की विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तशीच चालते. टाइपरायटरच्या मांडणीवर वेग कमावलेल्या माणसाला हा बदल जड जातो, याची मला कल्पना आहे. म्हणून घाईची कामे काही काळ जुन्या संगणकावर करावीत आणि रोज थोडा वेळ नव्या मांडणीचा सराव ठेवावा.

प्रश्न : माझे वडील उदगीरला असतात आणि मी पुण्याला. त्यांच्या लॅपटॉपवर मिंट बसवून दिले आहे. फोनवरून मदत कशी करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पुढच्या भेटीत ‘टाइमशिफ्ट’ सुरू करून ठेवावे, म्हणजे प्रणालीत काही बिघडले तर ती आधीच्या स्थितीत परत नेता येईल. टाइमशिफ्ट वडिलांची छायाचित्रे आणि कागदपत्रे सहसा जपत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवावी. फोनवर बोलताना “काय झाले?” असे न विचारता “पडद्यावर काय लिहिले आहे, ते वाचून दाखवा” असे म्हणावे, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत एकही बटण दाबायला सांगू नये.