सूट मिळते, तरी महिना पुरत नाही

ठाणे-नवी मुंबईत पैशांवरून होणाऱ्या घरगुती भांडणांत घराचा हप्ता आणि शाळेची फी हे विषय ठरलेले असतात. अलीकडे त्यांच्या जोडीला किराणा येऊन बसला आहे. "मी सगळं ऑफरमध्ये घेते, कूपन लावल्याशिवाय काही मागवत नाही, तरी वीस तारखेला पैसे संपतात." समुपदेशनाच्या कामात थोड्याफार फरकाने हेच वाक्य इतक्या जणींकडून आणि काही पुरुषांकडूनही ऐकलं, की त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. पुढची हकीकत अशाच एका घराची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ऐरोलीतलं पाच माणसांचं घर. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. दूध, भाजी, फळं सोडून नुसत्या वाणसामानाचा खर्च महिन्याला साडेतेरा हजारांवर गेलेला. पण घरातली सून माझ्याकडे किराण्यासाठी आली नव्हती. झोप लागत नव्हती, मुलांवर ओरडणं वाढलं होतं आणि नवऱ्याने "पैसे जातात कुठे?" एवढं विचारलं तरी छातीत धडधडायला लागायचं.

"ते असं विचारतात तेव्हा तुमच्या मनात काय येतं?"

"की यांना मी उधळी वाटते."

"असं ते म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. पण दुसरा काय अर्थ होणार, मॅडम?"

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर असतो. प्रसंग आपल्याला जेवढा छळतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाला आपण चिकटवलेला अर्थ छळतो, हे त्या पद्धतीचं सार. त्यामुळे पहिल्या भेटींत आम्ही हिशेबाला हात लावला नाही. नवऱ्याचा प्रश्न आणि तिने काढलेला अर्थ एकमेकांपासून सुटे करत राहिलो.

मग एका भेटीला ती फाइल घेऊन आली. महिन्याभराची बिलं नीट लावलेली, प्रत्येक बिलाखाली छापलेली बचतीची रक्कम पिवळ्या पेनाने रंगवलेली. शेवटच्या पानावर बेरीज होती, २,८६० रुपये.

"हे दोन हजार आठशे साठ रुपये आत्ता कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"खात्यात, पाकिटात, एखाद्या डब्यात. वाचले आहेत, तर कुठेतरी असतील."

ती बराच वेळ फाइलकडे बघत राहिली. मीही घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की समोरच्याचा विचार तुटतो. शेवटी ती म्हणाली, "कुठेच नाहीत." आणि थोड्या वेळाने, "मी हे यांना दाखवायला जमवत होते."

मी शोधत होते ते इथे सापडलं. ती सामान घेत होतीच, पण प्रत्येक ऑर्डरबरोबर आपण उधळी नाही याचा पुरावाही घेत होती. पुरावा जितका मोठा हवा तितकी सूट मोठी हवी आणि सूट मोठी हवी तर खरेदीही मोठी हवी. भीती कमी करण्यासाठी केलेली गोष्टच खर्च वाढवत होती आणि वाढलेला खर्च पुन्हा तोच प्रश्न घरी आणत होता. नुसतं बजेटचं कोष्टक हातात देऊन हे चक्र थांबलं नसतं. ते कोष्टक तिने याआधी तीनदा करून टाकून दिलं होतं. नवऱ्याने आपल्याला कधीच काही विचारू नये, ही मागणी सोडून "विचारलं तर उत्तर देता यावं" एवढीच इच्छा धरायला तिला दोन-तीन भेटी लागल्या. त्यानंतरच किराण्याकडे वळायला अर्थ होता.

सुरुवात केली ती एक आठवडा वाणसामान न घेण्यापासून. दूध-भाजी चालेल, बाकी काही मागवायचं नाही. त्या आठवड्यात कपाटं रिकामी करायची आणि प्रत्येक गोष्ट वजनासकट लिहायची. तिच्या कपाटात रव्याची तीन पाकिटं निघाली, त्यातल्या एकात अळ्या. सॉसच्या चार बाटल्या, एकावर एक फुकट म्हणून घेतलेले कपड्यांचे नऊ साबण, खवट होत चाललेले अडीच किलो शेंगदाणे. चहापूड मात्र दोन दिवसांची. अशी यादी समोर आली की उपदेशाची गरज उरत नाही.

पुढचं काम आपल्या घराचं खरं माप काढायचं. ते कुठल्याही ॲपमध्ये किंवा मासिकातल्या आदर्श यादीत मिळत नाही. पाकीट फोडलं की त्यावर मार्करने तारीख लिहायची, संपलं की वहीत. दोन महिने हे केलं की तुमचा आकडा तुमच्या हातात येतो. इथे सासूबाई फार उपयोगी पडल्या, आणि घरात ज्येष्ठ बाई असेल तर तिला या कामात घ्याच असं मी नेहमी सांगते. "पाच माणसांच्या आमटीला एक वाटी डाळ, त्याहून जास्त लागत नाही," त्या म्हणाल्या. वाटी मोजली तर सव्वाशे ग्रॅमच्या आत होती. महिन्यातले पंचवीस दिवस धरले तरी तीन किलोंच्या वर डाळ लागायचं कारण नाही. येत होती पाच किलो. तेलाचं तसंच. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे डॉक्टरही सांगतात ते माप, म्हणजे पाच जणांना अडीच, फार तर तीन लिटर. इथे पाच लिटरचा कॅन सवलतीत यायचा आणि महिनाअखेर रिकामा व्हायचा, कारण कॅन भरलेला असला की पळी सैल सुटते. त्यांनी एकेक लिटरच्या पिशव्या घ्यायला सुरुवात केली. लिटरमागे दोन-तीन रुपये जास्त गेले, तरी महिन्याचा खर्च उतरला.

तेलाबद्दल आणखी एक. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारीच ८५० ग्रॅमची पिशवी तशाच आकाराची दिसते. समजा पहिली १४८ रुपयांना आणि दुसरी १४० ला असेल, तर आठ रुपये वाचल्यासारखं वाटतं. पण १०० ग्रॅममागे पहिली १६ रुपये २६ पैशांना पडते, दुसरी १६ रुपये ४७ पैशांना. बहुतेक पाकिटांवर किमतीजवळ बारीक अक्षरांत प्रतिग्रॅम, प्रतिकिलो, प्रतिमिलिलिटर किंवा प्रतिलिटर दर छापलेला असतो. तोच बघायचा. "इतके टक्के सूट" ही छापील कमाल किमतीवर मोजलेली असते आणि कोपऱ्यावरचा वाणीही बऱ्याच गोष्टी त्या किमतीच्या खाली देतो. म्हणून वहीत वीसेक नेहमीच्या वस्तूंचा शेवटचा दर किलोमागे लिहून ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तूप-लोणी-चीज १२ वरून ५ वर आलं. त्याआधीच्या नोंदींशी आजची किंमत ताडून "केवढी सूट मिळाली" असं समजू नका.

आता कूपन. मी कूपनविरोधी अजिबात नाही. पण क्रम उलटा हवा. आधी यादी, मग कूपन. एका भेटीत आम्ही तिचीच एक ऑर्डर कागदावर मांडली. गरजेचं सामान ६४० रुपयांचं. कूपन होतं ९९९ च्या वरच्या खरेदीला १५० सूट. तिने ३६० रुपयांची भर घातली, एकूण १,०००, सूट जाऊन ८५०. भर न घालता ३० रुपये डिलिव्हरी भरली असती तर ६७० गेले असते. म्हणजे १८० जास्त गेले.

"पण तीनशे साठचा माल एकशे ऐंशीला मिळाला की," ती म्हणाली.

"कोणता माल होता?"

"बिस्किटं, चिप्स, नूडल्स."

"किती दिवस पुरला?"

"दोन दिवस."

तीच भर चहापूड, मीठ, हळद, टूथपेस्ट, भांड्यांचा साबण यांची असती तर तिचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं, कारण ते पुढच्या महिन्यात घ्यावंच लागणार होतं. म्हणून वहीत "पुढच्या महिन्याचं" असा एक रकाना केला. कूपनसाठी भर घालायची तर फक्त त्या रकान्यातून, आणि तेवढी ओळ पुढच्या यादीतून लगेच खोडायची. खोडायला विसरलं की वस्तू दोनदा येते. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. वॉलेटमध्ये मिळणाऱ्या कॅशबॅकची मुदत त्याच दिवशी लिहून ठेवायची. ठरावीक बँकेच्या कार्डाची ऑफर ज्या वारी असते, त्या वारीच महिन्याची मोठी खरेदी करायची. काही मिनिटांत घरी आणून देणारं ॲप ठेवायला हरकत नाही, पण त्यावरून एका वेळी एकच वस्तू, तीही घरात संपली म्हणून. आणि बिलावरची सूट खरी करायची असेल तर तेवढे पैसे त्याच संध्याकाळी वेगळ्या खात्यात टाकायचे. ज्या महिन्यात टाकता येत नाहीत, त्या महिन्यात सूट मिळालीच नाही असं समजायचं. तिला हे फार पटलं.

घाऊक खरेदीचा मोह नवी मुंबईकरांना जास्त, कारण तुर्भ्याचं बाजार समितीचं मार्केट हाकेच्या अंतरावर. मिरची-मसाल्यासाठी एप्रिल-मेमध्ये तिथे जाणं आजही फायद्याचं आहे. गहू-तांदूळही उन्हाळ्यात भरता येतात. कडक ऊन देऊन, पूर्ण गार करून, एरंडेलाचा हात लावून कोरड्या पिंपात. गरम धान्य पिंपात भरलं की आतून घाम धरतं आणि पोरकिडे होतात. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की रवा, बेसन, पोहे, शेंगदाणे पंधरा दिवसांच्या वर आणू नयेत. रवा आणला की कोरडाच भाजून ठेवावा. कांद्यातही फरक करावा. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा वाऱ्यावर पसरून काही महिने टिकतो, दिवाळीच्या सुमाराचा लाल कांदा टिकत नाही. मोठी गोणी घ्यायचीच असेल तर सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून घ्यावी.

एका भेटीला नवराही आला. "मी आरोप म्हणून नव्हतो विचारत. मला खरंच कळत नव्हतं," तो म्हणाला. तिच्यासाठी हे ऐकणं महत्त्वाचं होतंच, पण मी त्याला तिथेच थांबू दिलं नाही. दर शनिवारी पंधरा मिनिटं कपाटासमोर उभं राहून यादी दोघांनी करायची आणि गिरणीतून दळण व किराण्याची एक फेरी त्याने करायची, असं ठरलं. ज्याने भाव स्वतः विचारलेले असतात, त्याला पैसे कुठे जातात हे विचारावं लागत नाही.

चौथ्या महिन्यात वाणसामान साडेनऊ हजारांवर आलं. ती आता झोपते, हा माझ्या लेखी मोठा आकडा. मध्ये गणपतीत हिशेब पुन्हा सुटला: पाहुणे, प्रसाद, तूप, सुकामेवा, सगळं महिन्याच्या यादीतच धरलं होतं. सण वर्षभरात कधी येणार हे कॅलेंडरमध्ये छापलेलं असतं, तेव्हा गणपती-दिवाळीचा मागच्या वर्षीचा खर्च काढून त्याला बाराने भागायचं आणि ती रक्कम दर महिन्याला बाजूला काढायची, असं आता चाललं आहे. दिवाळीच्या फराळाची यादी सासूबाई सांगत आहेत आणि नवरा लिहून घेतो आहे. भाजणी दोन किलो की तीन, यावर अजून एकमत झालेलं नाही.