जो टीव्ही बघत नाही त्याने परवाना शुल्क का भरावं? आणि न भरणाऱ्यावर खटला भरणं योग्य आहे का?

परवाना शुल्क म्हणजे सार्वजनिक वाहिन्या चालवण्यासाठी टीव्ही असलेल्या घरांकडून घेतली जाणारी रक्कम. तुम्ही त्याबद्दल दोन गोष्टी विचारल्या आहेत. दुसरीचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी ते देतो. फौजदारी खटला भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. परवान्याशिवाय थेट प्रक्षेपण पाहणं तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि दंड १००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. बहुतेक प्रकरणांत आरोपी न्यायालयात उभाही राहत नाही, एकच न्यायाधिकारी कागद पाहून निकाल देतो. दोषी ठरणाऱ्यांत दहापैकी साधारण सात बायका असतात. बायका जास्त पैसे बुडवतात, असं मुळीच नाही. परवाना साऱ्या घराचा असतो, पण तपासनीस दार वाजवतो तेव्हा जी व्यक्ती दार उघडते, तिच्याच नावाने खटला उभा राहतो. त्यातही वॉरंट नसेल तर तपासनिसाला घरात पाऊल टाकायचा हक्क नाही. ज्याला हे माहीत आहे तो दार लावून घेतो. ज्याला माहीत नाही आणि जो विचारल्यावर खरं सांगून टाकतो, तो अडकतो. जी वसुली नेमक्या सरळ माणसाला पकडते, तिचं समर्थन मला कधीच करता आलेलं नाही.

जपानमध्ये नेमकं उलट आहे. घरात टीव्ही असेल तर एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेशी करार केलाच पाहिजे असं कायदा सांगतो, पण न करणाऱ्याला तुरुंग किंवा फौजदारी दंड नाही. म्हणून वसुलीवाल्यांनी वर्षानुवर्षं दारोदार फिरायचं आणि लोकांनी चिडायचं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. तरी राग शमला नाही. २०१९ मध्ये निव्वळ एनएचकेच्या शुल्काला विरोध करणाऱ्या पक्षाने वरिष्ठ सभागृहात एक जागा जिंकली.

दोन्हीकडे दुखणं एकच आहे. शुल्क घरातल्या यंत्राला जोडलं की यंत्र शोधायला माणूस पाठवावाच लागतो. आता तर फोनवरही सगळं दिसतं, मग शोधायचं तरी काय? जर्मनीने २०१३ पासून हा प्रश्नच निकालात काढला. टीव्ही असो वा नसो, घरटी एक ठरावीक रक्कम. इटलीने २०१६ मध्ये शुल्क विजेच्या बिलात घातलं. बुडवेगिरी एवढी घटली, की आधी वर्षाला ११३ युरो ५० सेंट असलेलं शुल्क पुढच्याच वर्षी ९० युरोंवर आणता आलं. न भरणाऱ्यांचा भार इतकी वर्षं भरणाऱ्यांच्या माथी होता, हे त्यातून उघड झालं.

आता तुमचा पहिला प्रश्न. एखाद्या वार्ताहराने सरकारी कंत्राटातला घोटाळा बाहेर काढला, तर वाचलेला पैसा ती बातमी न पाहिलेल्याचाही असतो. ज्याला पाहायचं त्यानेच पैसे द्यावेत असं ठरवलं, तर मोजके लोक बोलतात त्या भाषेतले कार्यक्रम, संसदेचं कामकाज, पूर आला असताना चालू ठेवायचं प्रक्षेपण या गोष्टींना गिऱ्हाईकच उरत नाही. म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं द्यावं, हे मला पटतं.

पण सगळे देतात एवढ्याने भागत नाही. माझं मत खरं घडलं ते ग्रीसमुळे. तिथेही शुल्क विजेच्या बिलातूनच जायचं. ११ जून २०१३ रोजी सरकारने उधळपट्टीचं कारण देत ईआरटी ही सार्वजनिक वाहिनी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री पडदा काळा झाला. सुमारे २६०० माणसांची नोकरी गेली. शुल्क घराघरातून येत होतं, संसदेत चर्चा झाली नव्हती, तरीही काही तासांत सगळं संपलं. वाहिनी परत सुरू व्हायला २०१५ चा जून उजाडला. वसुली चोख असली तरी नाडी मंत्र्याच्या हातात असेल, तर तो ती केव्हाही आवळू शकतो.

सरकारी अनुदानाचंही तेच. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाचे पैसे दोन वर्षं आगाऊ मंजूर करायची पद्धत होती, राजकारणापासून बचाव म्हणूनच. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने ते मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले आणि हे पैसे वाटणाऱ्या, १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महामंडळाला गाशा गुंडाळावा लागला.

म्हणून किती घ्यायचं हे कोण ठरवतं, तिकडे बघा. जर्मनीत केईएफ नावाचा १६ तज्ज्ञांचा आयोग आहे, प्रत्येक राज्याचा एक. वाहिन्या आपली गरज मांडतात, आयोग ती तपासून कापतो आणि मग राज्यं मंजुरी देतात. २०२० च्या अखेरीस एका राज्याने महिन्याला ८६ सेंटची वाढ अडवली. घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये १८ युरो ३६ सेंट हा दर लागू केला. केवळ राजकीय नाखुशीपोटी पैसे अडवता येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पुढे १८ युरो ९४ सेंटच्या शिफारशीवरून राज्यं पुन्हा अडली आणि वाहिन्या पुन्हा न्यायालयात गेल्या. म्हणजे ही व्यवस्थाही निर्वेध नाही. पण मोडायची म्हटली तर भरदिवसा, कारणं देत मोडावी लागते, आणि मला तेवढं पुरेसं मोठं वाटतं.

जर्मनीची एक गोष्ट मात्र मला खटकते. एकटी राहणारी सफाई कामगार आणि शेजारचा चार पगारांचा संसार, दोघांना रक्कम सारखीच. फिनलंडने २०१३ पासून उत्पन्नाच्या ठरावीक टक्के आणि त्यावर कमाल मर्यादा, असा वेगळा कर ठेवला. वसुली करखात्याकडे असल्याने दार कोणी वाजवत नाही. रक्कम ठरवणारा आयोग जर्मनीसारखा आणि वसुली फिनलंडसारखी, अशी जोड मी निवडेन. फिनलंडमध्येही २०२४ साली पक्षांनी निधीला कात्री लावलीच, म्हणून तो आयोग हवा.

उरला थकबाकीचा प्रश्न. ती इतर कोणत्याही कराच्या थकबाकीसारखी दिवाणी मार्गाने, हप्ते पाडून वसूल व्हावी. आणि ज्यांना परवडत नाही त्यांना सूट अर्जावर ठेवू नये. ब्रिटनमध्ये ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना परवाना मोफत होता. ऑगस्ट २०२० पासून तो फक्त एका विशिष्ट भत्त्याशी जोडला गेला, आणि तो भत्ता मिळण्याजोगे असूनही त्यासाठी अर्जच न केलेले म्हातारे पुष्कळ आहेत. कोणाचं उत्पन्न किती हे सरकारी खात्यांना ठाऊक असतं. त्यांनीच यादी द्यावी आणि त्या घरी मुळात मागणीपत्र जाऊच नये.