मुलीला वर्गासोबत बर्लिनला मुक्कामी पाठवावे का?

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची असून विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून एका शैक्षणिक वर्षासाठी जर्मनीला गेली आहे. हॅनोव्हरजवळच्या एका लहान गावात ती यजमान कुटुंबाकडे राहते आणि तेथील शाळेत शिकते. कुटुंब प्रेमळ आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पुढच्या महिन्यात तिचा वर्ग बर्लिनला एका रात्रीच्या मुक्कामासाठी जाणार आहे. शाळेने पाठवलेल्या संमतिपत्रात ‘विद्यार्थ्यांना किमान तिघांच्या गटाने, शिक्षक सोबत नसताना, शहरात फिरण्याची मुभा राहील’ असे एक वाक्य आहे. ते वाचल्यापासून माझे पती सही करायला तयार नाहीत. सासूबाईंचे म्हणणे असे की, मुलीला एवढ्या लांब पाठवली तेवढे पुरे झाले, आता आणखी परक्या शहरात रात्र काढायची काय गरज? मुलगी मात्र रोज फोनवर विचारते आहे. ती पूर्ण शाकाहारी आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, सांगली

उत्तर : आपण सही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पतींची भीती मात्र मी किरकोळ मानत नाही, म्हणून त्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

जर्मन शाळांत वर्गाची मुक्कामी सहल ही चैन समजली जात नाही. तो शालेय जीवनाचा नेहमीचा भाग असतो आणि मुलांनी हळूहळू स्वतःच्या जबाबदारीवर वावरायला शिकावे, हा तिचा एक उघड हेतू असतो. त्यामुळे मोठ्या वर्गातील मुलांना दुपारचे काही तास गटाने फिरू देणे ही तेथे रूढ पद्धत आहे. आपल्याकडच्या सहलीत शिक्षक सतत शिट्टी वाजवत मुलांची डोकी मोजत असतात, त्यामुळे ही मुभा आपल्याला निष्काळजीपणासारखी वाटते. प्रत्यक्षात त्या तासांतही देखरेखीची जबाबदारी शिक्षकांचीच राहते. मुलांना परत येण्याची वेळ आणि जागा ठरवून दिलेली असते, शिक्षकांचा मोबाइल क्रमांक प्रत्येकाकडे असतो आणि कोणीही एकट्याने गट सोडायचा नाही, हा नियम असतो. तेव्हा ‘मुलांना मोकळे का सोडता?’ असे न विचारता, फिरण्याचे तास कोणते, शहराच्या कोणत्या भागापुरती परवानगी आहे, रात्रीच्या जेवणानंतर बाहेर पडता येते का आणि सोबत शिक्षिका आहेत का, एवढे वर्गशिक्षकांना नम्रपणे विचारावे. हे प्रश्न शक्यतो मुलीनेच जर्मन भाषेत विचारावेत. उत्तरे तिच्या कानांवर थेट पडतील आणि शिक्षकांच्याही लक्षात राहील की, ही मुलगी या शहरात नवखी आहे.

सही करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. देवाणघेवाण कार्यक्रमात जाताना आपण काही अधिकारपत्रांवर सह्या केल्या असतील. त्यात रोजच्या शालेय बाबींची परवानगी यजमान आई-वडिलांनी द्यायची की मुक्कामी प्रवासासाठी प्रत्येक वेळी आपली लेखी संमती लागते, हे नमूद केलेले असते. बहुतेक संस्था शाळेच्या सहलीला आडकाठी करत नाहीत, पण स्थानिक समन्वयकांना तारखा, मुक्कामाचा पत्ता आणि सोबतच्या शिक्षकांची नावे आधी कळवावी लागतात. हे एका ईमेलचे काम आहे, ते मागाहून उरकू नये.

आता थोडे मुलीच्या बाजूने. तिच्या वर्गातील बरीचशी मुले लहानपणापासून एकमेकांना ओळखत असणार. आपली मुलगी त्या वर्गात अर्ध्या वाटेवर दाखल झाली आहे. तासाला शिक्षकांची भाषा समजून घेण्यातच तिची शक्ती जाते आणि मधल्या सुट्टीत मुले इतक्या भरभर बोलतात की, तिने मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. सहलीच्या रात्री तसे होत नाही. चार-सहा जणींच्या खोलीत दुमजली पलंगावर चढून चादरी घालताना, कोणती कोपऱ्यातली जागा घेणार यावरून होणाऱ्या गडबडीत, दिवे मालवल्यानंतरच्या कुजबुजीत तिला पुरेसा वेळ मिळतो आणि चुकीच्या व्याकरणाची तेथे कोणी दखल घेत नाही. परदेशी शिकायला आलेल्या मुलांची पहिली खरी मैत्री पुष्कळदा अशा मुक्कामात जुळते. उलट, ती एकटी मागे राहिली, तर सहलीनंतरचे कित्येक दिवस वर्गात ज्या आठवणी निघतील त्यांत तिला जागा नसेल. आपण तिला वर्षभरासाठी पाठवले ते ज्या अनुभवासाठी, तो अनुभव हाच आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत तिची गोष्ट वर्गमैत्रिणींपेक्षा वेगळी आहे. जर्मन मुलींना खिशात ओळखपत्र असले की पुरते. १ जानेवारी २०२५ पासून जर्मन नागरिकांना हॉटेल वा यूथ हॉस्टेलमध्ये नोंदणीचा अर्ज भरावा लागत नाही, परंतु परदेशी पाहुण्यांसाठी तो नियम कायम आहे. म्हणून आपल्या मुलीजवळ मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड असायलाच हवे, छायाप्रतीवर भिस्त ठेवू नये. संसद भवनाच्या काचेच्या घुमटावर जायचे ठरले असेल, तर तेथेही हेच लागेल. तो घुमट पाहणे विनामूल्य आहे, मात्र प्रत्येकाचे नाव आणि जन्मतारीख आधी नोंदवावी लागते व दारात ओळख पटवावी लागते. पासपोर्टवर तिचे नाव जसे छापले आहे तसेच ते शाळेच्या यादीत गेले आहे ना, हे तिने आताच पाहून घ्यावे. वडिलांचे नाव मध्ये घालण्याच्या आपल्या पद्धतीमुळे परदेशी याद्यांत हमखास घोळ होतो. आरोग्य विम्याचे कार्डही सोबत असू द्यावे. रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक तिला पाठ असावेत.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेला आपल्याकडच्या मेट्रोसारखी फाटके नसतात. कागदी तिकीट फलाटावरच्या लहान यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा असतो. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, ही सबब साध्या वेशातील तपासनीस ऐकत नाहीत आणि ६० युरो दंड होतो. शिक्षक गटाचे तिकीट काढणार असतील, तर तिघींच्या गटाने फिरताना ते कोणाजवळ राहणार, हे आधी ठरलेले बरे.

शाकाहाराची काळजी कमी करावी. शाळा सहलीपूर्वी आहाराची माहिती मागवते, त्यात शाकाहारी असे लिहिले की यूथ हॉस्टेलमध्ये तशी सोय होते. न्याहारीला पाव, चीज, जॅम, दही आणि फळे असतात. शहरात तुर्की दुकाने जागोजागी आहेत, तेथे फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे तळलेले वडे, मिळतात. फक्त सूपमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि रबरासारख्या मऊ गोड गोळ्यांमध्ये प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते, एवढे तिने विचारून घ्यावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. घरून बाटली नेली की झाले.

या सहलीत ती काय पाहणार आहे, याची तयारी मला पासपोर्टइतकीच महत्त्वाची वाटते. जर्मन वर्ग बर्लिनला जातो तो बहुधा विसाव्या शतकाचा इतिहास समजून घ्यायला. कम्युनिस्ट पूर्व बर्लिनमधील लोकांनी पश्चिम बर्लिनला पळून जाऊ नये म्हणून १३ ऑगस्ट १९६१ रोजी शहराच्या मधोमध भिंत उभी राहू लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ रोजी ती खुली झाली. दरम्यान तेथे किमान १४० माणसांचा जीव गेला. बर्नाउअर रस्त्यावर एका बाजूची घरे पूर्व बर्लिनची आणि त्यांच्या दारासमोरचा पदपथ पश्चिम बर्लिनचा, अशी स्थिती होती. लोकांनी वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून त्या पदपथाच्या दिशेने उड्या टाकल्या. आज तेथे भिंतीचा एक भाग आणि सीमापट्टा जपून ठेवला आहे. मुलीने जाण्यापूर्वी यजमान आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना ‘भिंत पडली तेव्हा तुम्ही कोठे होतात?’ एवढे विचारावे. पाठ्यपुस्तकात न मिळणारे पुष्कळ काही तिला त्या संध्याकाळी ऐकायला मिळेल.

ब्रांडेनबुर्ग प्रवेशद्वाराजवळ, नाझी राजवटीत हत्या झालेल्या युरोपीय ज्यूंचे स्मारक आहे. २००५ मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकात राखाडी काँक्रीटचे २,७११ ठोकळे ओळीने उभे आहेत. रस्त्याच्या कडेला ते गुडघ्याएवढे दिसतात, पण आत शिरावे तशी जमीन खाली जाते आणि ठोकळे डोक्याच्या वर जातात. पर्यटक त्यांवर चढून छायाचित्रे काढताना दिसतात. आपल्या मुलीने तसे करू नये, हे तिला आपणच सांगावे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध काही पानांत संपते, त्यामुळे त्या जागेचे गांभीर्य आपल्या मुलांच्या ध्यानी येतेच असे नाही, आणि एखादे हसरे छायाचित्र वर्गात तिच्याविषयी भलताच समज करून देऊ शकते.

सासूबाईंना इरावती कर्वे यांची आठवण जरूर करून द्यावी. १९२८ साली, बोटीच्या प्रवासाच्या काळात, त्या मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी याच बर्लिनला गेल्या आणि तेथून डॉक्टरेट मिळवून परतल्या. महाराष्ट्रातल्या मुलीने बर्लिनमध्ये राहणे ही काही आजची नवलाई नाही.

शेवटी फोनविषयी. आपल्यात आणि जर्मनीत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. मुक्कामावर पोहोचल्याचा एक संदेश आणि दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर एक फोन, एवढे ठरवून टाकावे. तिची रात्रीची दहाची वेळ म्हणजे आपली मध्यरात्र उलटून गेलेली असते. तेव्हा जागे राहून दर तासाला फोन केल्यास तिला मैत्रिणींमधून उठून मार्गिकेत येऊन बोलावे लागेल, आणि त्या रात्रीचा तिचा वाटा तेवढाच कमी होईल.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे, जर्मनीत त्याच प्रकारच्या कार्यक्रमात आहे. वर्गातले आम्ही पाच जण शनिवारी हॅम्बुर्गला जाऊन रात्री हॉस्टेलमध्ये राहायचे म्हणत आहोत. शाळेचा यात काही संबंध नाही. सगळ्यांना घरून परवानगी आहे, फक्त माझेच अडले आहे. १६ वर्षांनंतर येथे बिअर चालते, त्यामुळे मित्रमैत्रिणी घेतील. मी नाही घेतली तर विचित्र वाटेल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझा प्रश्न वरच्या प्रश्नासारखा दिसतो, पण तसा नाही. शाळेच्या सहलीत शिक्षक जबाबदार असतात आणि विद्यार्थ्यांना कायद्यानेच अपघात विम्याचे संरक्षण मिळते. मित्रांनी आपापल्यात आखलेल्या प्रवासात यातले काही नसते. तुझ्या सोबत्यांपैकी कोणाला काही झाले, तर दोन-तीन तासांत त्यांचे आई-वडील गाडी घेऊन पोहोचू शकतात. तुझ्यासाठी यजमान कुटुंबाला आणि समन्वयकांना धावावे लागेल. म्हणून त्या दोघांची आणि घरच्यांची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय तू रात्रीचा मुक्काम करू नयेस. शिवाय अनेक हॉस्टेल १८ वर्षांखालील मुलांना पालकांच्या पत्राशिवाय खोली देत नाहीत, तेव्हा बाकीच्या चौघांनीही ही चौकशी केली आहे का, ते विचार.

मला विचारशील तर पहिल्या वेळी तुम्ही एका दिवसात जाऊन यावे. तू हॅम्बुर्गशेजारच्या नीडरझाक्सन राज्यात राहत असशील, तर त्या राज्याचे दिवसभराचे तिकीट हॅम्बुर्गपर्यंत चालते, त्यावर पाच जणांना प्रादेशिक गाड्यांनी एकत्र जाता येते आणि खर्च वाटला जातो. प्रत्येकाचे नाव मात्र तिकिटावर लिहायला हवे. लाल विटांच्या जुन्या गोदामांचा श्पायखरश्टाट हा भाग २०१५ पासून जागतिक वारसा आहे, तो आणि बंदर पाहण्यातच दिवस निघून जातो. तू वेळेवर परतलीस, तर पुढच्या वेळी मुक्कामाची परवानगी मागताना यजमान आईला ‘हो’ म्हणणे सोपे जाईल.

बिअरबाबत : १६ वर्षांपासून बिअर आणि वाइनची मुभा जर्मन कायदा देतो, कडक मद्याला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. परंतु तू ज्या कार्यक्रमातून आली आहेस त्याचे नियम बहुधा कायद्याहून कडक असतील, आणि त्यांचा भंग झाल्यास मुलांना मायदेशी पाठवतात. तेवढे कारण पुरेसे आहे. ‘नको, मी सफरचंदाचा रस घेते’ असे सरळ सांग. तिकडे न पिणारी मुले पुष्कळ असतात. दुसऱ्यांदा आग्रह करण्याची पद्धत आपल्याकडे जितकी आहे तितकी तेथे नाही.

प्रश्न : मुलाचा वर्ग ड्रेस्डेनहून पुढे एका रात्रीसाठी प्रागला जाणार आहे. त्याच्याकडे जर्मनीचा निवास परवाना आहे. चेक देशाचा वेगळा व्हिसा लागेल का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : लागणार नाही. चेक प्रजासत्ताक शेंगेन क्षेत्रात, म्हणजे प्रवासाचे सामायिक नियम असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि वैध जर्मन निवास परवाना व पासपोर्ट असल्यास कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत त्या क्षेत्रातील इतर देशांत जाता येते. दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवेत, कारण १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आणि परतताना गाडीत पोलीस कागद पाहू शकतात. परवान्याची मुदत सहलीच्या तारखेपुढे आहे ना, तेवढे पाहावे. आरोग्य विमा जर्मनीबाहेर चालतो का, हे विमा कंपनीला विचारावे. प्रागमध्ये चलन कोरुना आहे. रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्या माणसांकडून पैसे घेऊ नयेत, कार्डाने व्यवहार करावा. वर्ग कधी लंडनला जायचे म्हणाला, तर मात्र ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो का, हे शाळेकडून काही आठवडे आधी विचारून घ्यावे.