लस घेतली, पण टायटर आलंच नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टरताई, मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते, वय 42, उंची पाच फूट दोन इंच, वजन 94 किलो. मागच्या वर्षी एका लॅबमध्ये नोकरीला लागले, रोज लोकांचं रक्त काढायचं काम म्हणून हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले. पहिला दंडात, पुढचे दोन कमरेत, कारण सिस्टरबेन म्हणाल्या ‘हाथ दुखशे, कमरमां लई लो’ (हात दुखेल, कमरेत घ्या). दीड महिन्याने टायटर, म्हणजे रक्तात किती अँटीबॉडी बनल्या ते बघायची तपासणी, केलं तर फक्त 4 आलं. आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, एवढ्या वजनात लस कुठून लागणार. घरी येऊन रडले. खरंच वजनामुळे झालं का? आणि दरवर्षी फ्लूची लस घेते तीही वाया जाते का?

उत्तर: ताई, आधी रडणं थांबवा, यात तुमचा काही गुन्हा नाही, आणि सरांनी चारचौघांत बोलायलाच नको होतं.

वजनाचा संबंध आहे हे मात्र खरं. 1985 मध्येच अमेरिकेत हॉस्पिटलच्या स्टाफमध्ये दिसलं होतं की जाड लोकांमध्ये हिपॅटायटिस बीच्या लसीने अँटीबॉडी कमी बनतात. पण तुमच्या केसमध्ये मला जास्त खटकतंय ते कमरेतलं इंजेक्शन. तिथे चरबीचा थर जाड असतो, साधी एक इंची सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही, लस चरबीतच राहते, आणि चरबीत रक्तपुरवठा कमी म्हणून इम्यून पेशींना ती नीट भेटतच नाही. म्हणूनच मोठ्या माणसांना ही लस दंडाच्या वरच्या स्नायूत, म्हणजे डेल्टॉइडमध्येच द्यायची असते. आणि 90 किलोच्या वरच्या बाईला दंडातसुद्धा दीड इंची सुई लागते. हे तुम्ही स्वतः सांगा, ‘सिस्टर, दंडातच द्या आणि सुई दीड इंची घ्या’, लाजू नका.

दुसरं कारण आतलं आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती सतत सूज वाढवणारी रसायनं सोडत असते, लेप्टिन नावाचं हार्मोनही वाढलेलं असतं, आणि अशा कायम पेटलेल्या वातावरणात टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खऱ्या वेळेला सुस्त पडतात. फ्लूच्या लसीत असं दिसलंय की महिन्याभराने जाड माणसाच्या अँटीबॉडी इतरांइतक्याच छान दिसतात पण वर्षभरात भराभर उतरतात. कोविडच्या लसीचंही तेच, 2023 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 च्या वर असलेल्या 55 टक्के लोकांमध्ये व्हायरस रोखणारी ताकद मोजण्याइतकी उरली नव्हती, नॉर्मल वजनाच्या लोकांमध्ये हा आकडा 12 टक्के होता. बूस्टर दिल्यावर ती परत वर आली, पण पुन्हा लवकर उतरली. तुमचा बीएमआय साधारण 38 येतो, आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, तेव्हा हे तुम्हालाही थोडंफार लागू आहे.

पण म्हणून फ्लूची लस वाया जाते असं अजिबात नाही, उलट फ्लू झाला तर जाड माणसाला तो जास्त जड जातो, त्यामुळे तुम्ही तर ती चुकवूच नका, दरवर्षी वेळेवर घ्या. वजन जास्त म्हणून डबल डोस घ्यायचा असं कुठे सांगितलेलं नाही, मनाने काही करू नका.

आता टायटरचं. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत ते 10 किंवा वर यायला हवं, तुम्ही वेळेत केलंत हे चांगलं झालं, कारण चारपाच वर्षांनी कमी आलं असतं तर त्याचा अर्थ वेगळा असता, कधीकधी आकडा उतरतो पण शरीराला आठवण राहते. तुमचं 4 आहे, तर आधी एचबीएसएजी ही रक्ताची तपासणी करून घ्या, म्हणजे आधीच इन्फेक्शन नाही ना ते कळेल. ते निगेटिव्ह आलं की तीन डोसचा पूर्ण कोर्स पुन्हा, शून्य, एक आणि सहा महिने, सगळे दंडात, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी परत टायटर. पहिल्यांदा न लागलेल्या बऱ्याच लोकांना दुसऱ्या कोर्समध्ये लागते. तोवर कोणाची वापरलेली सुई टोचली तर घरी बसून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तुमचं टायटर 4 आहे हे सांगा, कारण अशा वेळी तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन द्यावं लागू शकतं आणि ते शक्यतो 24 तासांच्या आत द्यायचं असतं. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच.