ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तीन मतांनी पडलो, निकालही जाहीर झाला. आता फेरमोजणी मिळेल का?

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून आता मिळणार नाही. फेरमोजणीचा लेखी अर्ज निकाल जाहीर होण्याआधी, तिथल्या तिथं त्यांच्याकडे द्यावा लागतो. आपल्याकडे तोवर बाहेर गुलाल उधळला जातो, घोषणा सुरू होतात आणि गडबडीत अर्ज राहून जातो. फार वाईट वाटतं.

पण रस्ता बंद नाही. ग्रामपंचायत सदस्याच्या निवडणुकीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चं कलम 15 आहे. निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे गाव जिंतूर तालुक्यात असेल तर जिंतूरच्या कोर्टात. उमेदवारच नव्हे, तिथला मतदारही करू शकतो. (विधानसभेचं वेगळं: 45 दिवस आणि उच्च न्यायालय, मराठवाड्यासाठी औरंगाबाद खंडपीठ.)

नुसतं ‘मोजणीत घोळ झाला’ म्हणून कोर्ट फेरमोजणी देत नाही, कारण मतदानाची गुप्तता जपायची असते. कोणत्या टेबलावर, कोणत्या फेरीत, किती मतांचा फरक, हे नेमकं लिहा. तुमच्या मतमोजणी प्रतिनिधीनं वहीत टिपलेले आकडे आजच ताब्यात घ्या. निवडून आलेल्याला प्रतिवादी करायला विसरू नका, आणि उद्याच वकील गाठा.